लाल ठिपक्याचं ताट

ज्या बाईचं ताट घरच्यांनी वेगळं केलंय, तिच्यासाठी हे लिहून राहिले. बाकीच्यांनी वाचलं तर वाचा, नाही वाचलं तरी माझं काही अडत नाही. आजारातून उठलेली माणसं फार गोड लिहितात. आजारानं मला शिकवलं, आपली माणसं कळली, मग मी सगळ्यांना माफ केलं, असं. मलाही माझी माणसं कळली. म्हणूनच मी माफ केलं नाही.

आजार टीबीचा. आमच्या औशात तेव्हा त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. "तो आजार" म्हणायचे आणि म्हणताना दाराकडं बघायचे. गोळ्या तेव्हाही होत्या, नेमानं घेतल्या तर माणूस उठतं हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं. पण डॉक्टर लातूरला, आणि चूल आमच्या घरात. चुलीपाशी डॉक्टरचं कोण ऐकतंय?

खोकला

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडंतिकडं नव्या पाट्या लागल्या होत्या, साहेब लोक येऊन राहिले होते, आणि पावसानं मात्र तोंड फिरवलं होतं. गल्लीत टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या. अशा दिवसांत मला खोकला लागला.

आमचं किराणा दुकान, थोडी शेती. घरात थोरले दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते. त्यांची बायको अक्का, माझी थोरली जाऊ. सासू नव्हती, त्यामुळं घर अक्काच्या शब्दावर चालायचं. तिच्या दोन्ही पोरींची लग्नं झालेली. मग माझे मालक, मी आणि आमची दोन लेकरं. शोभा सहा वर्षांची, बसूला तिसरं वर्ष लागलेलं.

दुरडीभर भाकरी रोज मी थापायची. शोभा परातीच्या कडेला बसून चिमणीएवढी भाकरी करायची, तीसुद्धा मला तव्यावर टाकावी लागायची, नाहीतर रडारड. बसूला फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा लागायचा. वरचा, पातळ, गरम. त्यावर तेलाचं बोट आणि मीठ. तो मी फुंकर घालून त्याच्या तोंडात द्यायची. दुसऱ्या कुणी दिला की थू करायचा. घरात भरवायला चार जणं असली तरी त्याला माझाच हात पाहिजे, याचा मला फार तोरा होता.

खोकल्याला आम्ही सगळ्यांनी चुलीचा धूर म्हटलं. मग संध्याकाळी अंग तापायला लागलं, बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. अक्का म्हणाली, "कामाचा कंटाळा आला की लोकान्ला ताप येतो." एक दिवस पदरात रक्त दिसलं, तेव्हा मालकांनी मला लातूरच्या बसमध्ये घातलं.

डबी

सरकारी दवाखान्यात एक लहान डबी हातात दिली. सकाळची थुंकी आणा म्हणाले. मला हसू आलं. जन्मभर थुंकी लपवायला शिकलेली बाई मी, आता डबीत भरून साहेबाला दाखवायची.

डॉक्टर तरुण होते, कोकणाकडचे. त्यांनी गोल गोल बोलणं केलं नाही. "ताई, टीबी आहे. बऱ्या व्हाल. गोळ्या चुकवायच्या नाहीत. खोकताना तोंडावर पदर धरा, काही दिवस मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा. आणि ऐका, हा आजार खोकल्यातून पसरतो, ताटवाटीतून नाही. घरी कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा."

मालक शेजारीच उभे होते. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी जागा रिकामी होती. मालक पुढच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून वाळलेली शिवारं बघत मी औशापर्यंत आले. रडू आलं नाही, कारण मी त्यांच्या मानेकडंच बघत होते आणि मला त्या मानेचा इतका राग आला होता की रडायला सवड नव्हती.

शिंगाचा रंग

आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मालकांनी दुकानात भाऊजींना सांगितलं, भाऊजींनी घरात. अक्कानं लेकरांना आत घेतलं आणि मला अंगणातच थांबवलं.

"महानंदे, जळणाची खोली झाडून ठेवली हाय. थितं ऱ्हा. चुलीकडं येऊ नको. हंड्याला हात लावू नको."

"डॉक्टर म्हणले, भांड्यातून होत न्हाई."

"डाक्टरच्या घरी लेकरं हायती का आपल्या घरी?"

मग तिनं पोळ्याचा उरलेला रंग काढला. बैलाच्या शिंगाला लावायचा, लाल, चिकट. एक जुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ताट घेतलं, त्याच्या काठावर आतून एक ठिपका दिला आणि मागून एक. म्हणाली, "म्हंजी बाकीच्यात मिसळायचं न्हाई." दुष्काळामुळं त्या साली बैलांची शिंगं नीट रंगवली नव्हती, म्हणून रंग उरला होता. तो माझ्या ताटाला लागला.

आमच्या लिंगायतात जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटांनी ताट धुऊन ते पाणी प्यायची रीत आहे. अन्न म्हणजे प्रसाद, कण वाया घालवायचा नाही. अक्का या बाबतीत फार कडक. जळणाच्या खोलीत गोवऱ्यांच्या शेजारी बसून मी एकटी जेवायची, ताट धुवायची, पाणी प्यायची, आणि पाणी संपलं की तो लाल ठिपका माझ्याकडं बघायचा. एक दिवस मी त्या ठिपक्याला बोलले. म्हटलं, तू पुसला जाऊ नको हां. तुझं काम हाय मला.

आपा

ताप उतरेना, तेव्हा मला लातूरला भरती केलं. अक्कानं पिशवीत दोन लुगडी आणि ते ताट घातलं.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे सिस्टर सुई घेऊन यायची. रोजच्या सुयांनी कंबर दगड झाली होती, कोणत्या बाजूनं झोपावं कळायचं नाही. पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर लघवी लालभडक झाली आणि मी किंचाळले. सिस्टर म्हणाली, "गोळीचा रंग हाय बाई, तुझं रक्त न्हाई." ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. घाबरू नका. पाणी नातेवाइकांनी भरून आणायचं होतं. माझे मालक आठवड्यातून एकदा यायचे, दारात उभे राहायचे, केळी ठेवायचे आणि बस चुकेल म्हणून जायचे. लेकरांना कधी आणलं नाही.

शेजारच्या खाटेवर रजियाआपा होत्या. लातूरच्याच, नवऱ्याचं शिलाईचं दुकान. त्यांना माझाच आजार, पण त्यांची सून डबा घेऊन यायची आणि त्यांच्या पायाशी बसून हसत बसायची. मला ते बघवत नव्हतं. मी जेवण सोडलं. ताट समोर आलं की लाल ठिपका दिसायचा आणि घास फिरायचा.

आपांनी विचारलं, हे कसलं निशाण. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, मोठी जाऊ आहे. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "उसकू छोड़ना नक्को. लेकिन मरको क्या बदला लेती गे तू? पैले खा."

असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. देवाचं नाव घे, लेकरांकडं बघ, धीर धर, सगळे असलंच बोलायचे. आपांनी माझ्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, स्वतःच्या वरणात बुडवला, खाल्ला आणि ताट माझ्याकडं ढकललं. त्या दिवसापासून मी खायला लागले. डॉक्टर म्हणाले होते, अंडी चालत नसतील तर शेंगदाणे खा, डाळ खा. मी शेंगदाणे असे चावायची की आपा विचारायच्या, "किसका मुंडी चबारी?" मी म्हणायची, अक्काची. दोघी खोकेस्तोवर हसायचो.

अंगावर मांस चढलं ते रागानं चढलं. तुमच्या घरी कुणी तुमच्यावर माया करत असेल तर मायेनं जेवा. नसेल तर रागानं जेवा. गोळ्यांना दोन्ही चालतं.

घास

थुंकी साफ आली. डॉक्टर मालकांसमोर म्हणाले, "आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. गोळ्या पुढं चालू राहतील. मुलांना जवळ घ्या, स्वयंपाक करा, सगळं करा."

मी घरी आले ती पळतच आले म्हणा. शोभा दाराआड उभी राहिली. बसू अक्काच्या कडेवर होता. मी हात पुढं केले तर त्यानं तोंड फिरवून तिच्या खांद्यात घातलं. खोली जळणाचीच राहिली, ताट तेच राहिलं. अक्का म्हणाली, "साहेबाला सांगायला काय जातंय."

एका दुपारी अक्का टँकरवर गेली होती. बसू अंगणात खेळत खेळत माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आला. माझ्या ताटात भाकरी होती. शिळी, पण वरचा पापुद्रा सुटत होता. मी तो काढला, तेलाचं बोट लावलं, मीठ लावलं. तो बघत राहिला. त्याला आठवत असावं. तोंड उघडलं. मी घास दिला.

घागरी आदळल्याचा आवाज आला. अक्का धावत आली, त्याला धरलं, तोंडात बोट घातलं आणि घास बाहेर ओढला. लेकरू ओकलं, निळंनिळं झालं. ती त्याच्या आणि धावत आलेल्या शोभाच्या अंगावर ओरडली, "लाल ठिपक्याच्या ताटातलं खाल्लं की मरतेत! कळलं का? मरतेत!"

मी मालकांकडं बघितलं. ते ओसरीवर होते. म्हणाले, "आता आरडाओरडा नको, गल्ली जमंल."

त्या दिवसानंतर बसूला मी काही दिलं की तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. माझं पोटचं लेकरू माझ्या हाताला भिऊन तोंड झाकत होतं. अक्कानं मला चुलीपासून तोडलं, ते मी कदाचित गिळलं असतं. पण लेकराच्या तोंडातला माझा घास तिनं बोट घालून काढला. मी ठरवलं की माझं लेकरू माझ्या हातचं खाईल, आणि ते खाईल तेव्हा अक्का समोर असेल.

येळवस

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. थंडीतली अमावस्या. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळं औसा शेतात. कडब्याची झोपडी, म्हणजे कोपी करायची, तिच्यात पांडव पुजायचे, पालेभाज्या आणि दाण्यांची भज्जी, वाफवलेले उंडे, बाजरीच्या भाकरी, आणि केळीत, म्हणजे मातीच्या मडक्यात आंबवलेली आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून जेवायला बसवायचं. आणि त्या दिवशी पानात वाढलेल्याला कुणी नाही म्हणायचं नाही, ही रीत.

जिल्हा नवा, साहेब नवे, तर त्या साली ज्याला त्याला आपल्या शेतात साहेब पाहिजे होता. भाऊजींना माझे डॉक्टर आठवले. आजार आठवायला नको होता, पण साहेब पाहिजे होता. गोळ्या आणायला आम्ही लातूरला गेलो तेव्हा मालकांनी आमंत्रण दिलं.

डॉक्टर म्हणाले, "येतो की. मी अजून पाहिली नाही येळवस."

मी पदर नीट केला आणि म्हणाले, "साहेब, भज्जी आंबील सगळं मी करणार हाय. चालंल का?"

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणी दुसरीच बाई आहे.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं. त्यांना किती कळलं देव जाणे. म्हणाले, "तुम्ही केली असेल तरच येणार."

घरी अक्का थयथय नाचली. पण भाऊजींनी चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं, साहेब येणार म्हणून. ते पहिल्यांदा बायकोवर वरडले, "तिला करू दे!" इतक्या महिन्यांनी मी चुलीपुढं बसले. ताक आम्हाला तीन घरं फिरून मिळालं. तुरीच्या ओल्या शेंगा मिळाल्याच नाहीत, वाळलेले दाणे भिजवले. हिरवा भाजीपाला मूठभर. केळीला चुना आणि काव लावली. शोभा लांब उभी राहून बघत होती. मी तिला हाक मारली नाही. मला घाई नव्हती.

शेतात ज्वारी गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती, विहिरीत दगड दिसत होते. कडबा गुरांना पुरत नव्हता म्हणून कोपी तुराट्यांची केली. भाऊजींनी शेतभर आंबील शिंपडली, पूजा झाली. डॉक्टर स्कूटरवर आले. शेजारच्या शेतातले पाव्हणे बोलावले. रजियाआपाही आल्या, सुनेला घेऊन, मी सांगावा धाडला होता. पंगत बसली.

वाढायला मी. सगळ्यांपुढं ताटं मांडली. अक्कापुढं पोहोचले तेव्हा काखेतल्या पिशवीतून जर्मनचं ताट काढलं आणि ठेवलं. ठिपका वर, तिच्या समोर.

तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, "बसा अक्का, पोटभर जेवा."

पंगतीत ज्यांना माहीत होतं त्यांनी माना खाली घातल्या. मालक मातीत काडीनं रेघा ओढायला लागले. आपा मात्र मान उंच करून बघत होत्या. डॉक्टरांनी आंबिलीचा गडगा तोंडाला लावला होता आणि "वा, वा" चाललं होतं. मी अक्काच्या ताटात भाकरी ठेवली, भज्जी वाढली, उंडा ठेवला. तिला उठता येईना. साहेब समोर, पाव्हणे समोर, येळवशीचं पान समोर. तिनं घास केला.

आणि शोभा किंचाळली.

"मोठ्याई, त्यात जेवू नको! लाल ठिपक्याचं हाय! मरशील तू!"

माझी पोर धावत गेली आणि अक्काचा हात धरून ओढायला लागली. रडत होती. "तूच म्हनलीस ना, मरतेत म्हनून! नको ना जेवू!" बसू पण रडायला लागला, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

खरं सांगते, हे मी ठरवलं नव्हतं. मी फक्त ताट ठरवलं होतं.

डॉक्टरांनी गडगा खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "कोण मरतं? कोणी सांगितलं हे मुलांना?" सगळे अक्काकडं बघत होते, भाऊजीसुद्धा. शोभा हात सोडेना. तिचं अक्कावर प्रेम होतं, ती खरंच भ्याली होती.

अक्काचा चेहरा राखेसारखा झाला. ती हळू म्हणाली, "न्हाई गं बाई. न्हाई मरत."

मी म्हणाले, "बसूला ऐकू आलं न्हाई, अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला माहीत आहे, कारण जळणाच्या खोलीत मी तीच घेऊन बसायची. मग ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं, "ह्या ताटात जेवून कुणी मरत न्हाई. मी खोटं बोलले. हे बघ, मी जेवून राहिले." आणि तिनं घास तोंडात घातला. शोभा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसरा घास. तिसरा. अक्का मेली नाही.

मी केळीपाशी खाली बसले. बाजरीची भाकरी घेतली, वरचा पापुद्रा काढला, तेल लावलं, मीठ लावलं. हाक मारली नाही. हात तसाच धरून बसले. बसूनं अक्काकडं बघितलं, ती चावत होती. तोंडावरचा एक हात काढला. मग दुसरा. चालत आला, माझ्या मांडीला पोट टेकवलं आणि तोंड उघडलं.

त्यानं चावलं, गिळलं आणि म्हणाला, "आनखी."

मला वाटलं होतं, आता राग जाईल. नाही गेला. आजही घरात शब्दाला शब्द नीट आहे, सणवार एकत्र होतात, अक्काच्या दुखण्याखुपण्यात मी पेज करून देते. पेज चांगल्या ताटात देते. पण ते जर्मनचं ताट मी मोडीत घातलेलं नाही, फडताळात वरच आहे, आणि ते कुठं आहे हे तिला माहीत आहे.

त्या दिवशी पंगत उठायच्या वेळी घरच्या सगळ्यांनी ताटात पाणी घेतलं. अक्कानंही घेतलं. तिनं बोटांनी ताट धुतलं, ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. बसू माझ्या मांडीवर होता. मी नजर काढली नाही. तिनं ताट उचललं, तोंडाला लावलं, आणि मी शेवटच्या घोटापर्यंत बघत बसले.